वाचनालयाच्या ग्रुपवर काउंटर मांडा

प्रश्न: आमचं मुंबईच्या उपनगरातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. वाचकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. आता तिथे सुप्रभात, वाढदिवस आणि फॉरवर्ड यांशिवाय काही येत नाही. कार्यवाह म्हणतात बंद करा, तरुण सभासद म्हणतात इन्स्टाग्रामवर या. वाचकांना आणि आम्हा कर्मचाऱ्यांनाही ऑनलाइन समूहांचा खरा उपयोग करून घ्यायचा असेल तर काय करावं?

उत्तर:

ग्रुप बंद करू नका, पण आहे तसा रेटूही नका. मुंबईतल्या सार्वजनिक वाचनालयांत देवघेवीच्या काउंटरपासून ग्रंथपालाच्या टेबलापर्यंत माझी नोकरी झाली. आता निवृत्तीनंतर काही वाचनालयं याच कामासाठी बोलावतात, आणि बहुतेक ठिकाणी दुखणं तुमचंच असतं. ग्रुपवर वाचनालय बोलतं आणि वाचक हात जोडतो. 'नवीन पुस्तके दाखल झाली आहेत' असं लिहून गठ्ठ्याचा फोटो टाकला की खाली नमस्कारांची रांग लागते आणि विषय संपतो. त्यावर कोणी बोलावं तरी काय? मग रिकामी जागा सुप्रभातवाले भरून काढतात. त्यांना तरी कशाला बोल लावायचा!

काउंटरवर याच्या उलट चालतं. तिथे आधी वाचक तोंड उघडतो. "काका, परवाचं फारच जड होतं, जरा हलकंफुलकं द्या." "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोठ्या टायपातलं काही आहे का?" "ते आत्मचरित्र परत आलं की मला सांगा हं." आपण पुस्तक काढून देतो, नसलं तर नाव वहीत टिपून ठेवतो. हाच व्यवहार ग्रुपवर आणायचा. वाचकानं विचारायचं, नेमून दिलेल्या माणसानं ठरलेल्या वेळेत उत्तर द्यायचं, आणि त्यातून जे हाती लागेल ते वाचनालयाच्या नोंदींत जायला हवं. एवढं जमणार असेल तर माध्यम कुठलंही घ्या. जमणार नसेल तर इन्स्टाग्रामवरही गठ्ठ्यांचेच फोटो पडतील, फक्त जरा बऱ्या उजेडात काढलेले.

पहिल्यांदा सूचना आणि गप्पा वेगळ्या करा. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून चॅनलची सोय आहे. तिथे फक्त वाचनालय लिहितं आणि वाचकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. सुट्ट्या, वर्गणीची मुदत, नवी खरेदी, व्याख्यानं हे सगळं तिकडे जाऊ द्या. पावसाळ्यात तर याला तोड नाही. हिंदमाताला पाणी भरलंय, लोकल खोळंबल्यात आणि संध्याकाळची शाखा उशिरा उघडणार आहे, हे वाचकाला घरातून निघायच्या आधी कळलं पाहिजे. छत्री सावरत, प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तकं गुंडाळून आलेला माणूस बंद दार बघून परत गेला, की पुढच्या वेळी तो दंडावरून हुज्जत घालणार, आणि त्याचं चुकत नाही. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात म्हणून तेवढी भरायची नसतात. शंभर-दीडशे बोलके वाचक असले तरी ग्रुप जोरात चालतो, बाकीचे चॅनलवर सुखात राहतात.

गप्पांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त जीव कशात येत असेल तर तो हरवलेल्या पुस्तकाच्या शोधात. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, पण गोष्ट डोक्यातून जात नाही, असे वाचक सगळ्या वाचनालयांत असतात. काउंटरवर मागे रांग असते म्हणून ते विचारत नाहीत. एका वाचनालयाच्या ग्रुपवर पाहिलेला शोध सांगतो. एका बाईंनी लिहिलं होतं: "आईला एक कादंबरी परत वाचायची आहे. गिरगावात चाळीत राहत असताना वाचलेली. कोकणातली शिक्षिका, तिची बदली होते, शेवटी तिची बोट चुकते. कव्हर हिरवं होतं." एवढ्या भांडवलावर ग्रंथपाल तरी काय करणार? पण ग्रुपनं प्रश्न उचलला. आईनं साधारण कधी वाचली? लग्नाआधी, म्हणजे साठच्या दशकात. बोट कुठली? भाऊच्या धक्क्याहून सुटायची ती. एका निवृत्त मास्तरांना अशी गोष्ट मासिकात क्रमशः वाचल्याचं आठवत होतं. एकीनं दोन लेखिकांची नावं सुचवली, त्यातलं एक साफ चुकीचं होतं आणि त्यावरून थोडी खडाजंगीही झाली. शेवटी एकानं स्वतःच्या कपाटातल्या प्रतीचं पहिलं पान फोटो काढून टाकलं. बाईंनी ते आईला वाचून दाखवलं. हीच! कव्हर मात्र हिरवं नव्हतंच. आईच्या लक्षात राहिलं होतं ते वाचनालयानं केलेल्या बांधणीचं हिरवं कापड.

वाचकांनी आपलं काम केलं. पुढे वाचनालयानं काय केलं ते पाहा, कारण बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. त्या ग्रंथपालबाईंनी संगणकात बघून लिहिलं, "आपल्याकडे प्रत आहे, जीर्ण पुस्तकांच्या कपाटात. शनिवारपर्यंत काउंटरवर राखून ठेवली आहे." नंतर त्या पुस्तकाच्या नोंदीत त्यांनी विषयाच्या रकान्यात 'शिक्षिका', 'कोकण', 'बोटीचा प्रवास' असे शब्द घातले. आपल्याकडे कादंबरीच्या नोंदीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत आणि दाखल क्रमांक एवढंच असतं. विषयानुसार पुस्तकाला देतात तो वर्गांक, ८९१.४६३, टाकला की यच्चयावत मराठी कथा-कादंबरी एका रांगेत उभी. कथानकातली खूण त्या नोंदीत कुठेच सापडत नाही, आणि वाचकाच्या मनात तर नेमकी तीच राहिलेली असते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांमधलं तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, आपण ग्रंथपाल दिनाच्या फलकावर दरवर्षी लिहितो. त्या जीर्ण प्रतीला तिचा वाचक मिळाला तो ग्रुपमुळे. पुढच्या वाचकाला ग्रुपची गरज पडू नये, म्हणून नोंद सुधारायची.

दिवाळी अंकांच्या दिवसांतही हेच करता येतं. ठरावीक रक्कम भरा आणि दोन-तीन महिने सगळे अंक वाचा, ही योजना तुमच्याकडे असणारच. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा आपला वार्षिक सण आहे, पण वाचनालयात त्याची एक जुनी रड आहे: चार-पाच नामांकित अंकांवर उड्या पडतात आणि बाकीचे कोरेच्या कोरे परत कपाटात जातात. ग्रुपवर एक अट घाला. अंक परत करणाऱ्यानं दोन ओळी लिहायच्या, आणि 'छान आहे' चालणार नाही. कुठला लेख, कोणाचा, कशाबद्दल, हे हवं. आडबाजूच्या अंकातल्या एखाद्या गिरणगावावरच्या लेखाबद्दल कोणी असं लिहिलं, की तो अंक मागायला लोक येतातच. हे सगळं एका तक्त्यात उतरवून ठेवा: अंक, वर्ष, लेख, लेखक, विषय. दिवाळी अंकांतल्या लेखांची सूची आपण वाचनालयं क्वचितच करतो. चार वर्षांनी कोणी पीएचडीचा विद्यार्थी गिरणगाव शोधत आला, की वाचकांनी हसतखेळत केलेली ही सूची संदर्भ विभागाला कामाला येईल. सूचीचा कंटाळा येणारे ग्रंथपाल मी पुष्कळ पाहिलेत. इथे निम्मं काम वाचकच करतात.

आता उत्तर द्यायचं कोणी? यावर कार्यवाहांशी आधीच बोलून घ्या. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयातल्या माणसाला किती पगार मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्या खाजगी फोनवर रात्री अकराला प्रश्न यावा आणि त्यानं घरी ताटावरून उठून उत्तर द्यावं, अशी अपेक्षा कुठल्याही संस्थेनं ठेवू नये. वाचनालयाच्या नावावर वेगळं सिमकार्ड घ्या, साधा फोन काउंटरच्या खणात ठेवा आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. ते फुकट आहे. वेळेबाहेर कोणी थेट त्या नंबरवर पाठवलेल्या संदेशाला 'वाचनालय उघडल्यावर उत्तर मिळेल' असं आपोआप जातं, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात, आणि संदेशांना 'राखीव', 'नवी मागणी', 'तक्रार' अशा चिठ्ठ्या लावता येतात. देवघेवीची गर्दी नसते ती वेळ, बहुतेक ठिकाणी सकाळच्या सत्राचा शेवट, उत्तरांसाठी ठेवा आणि ती ग्रुपच्या माहितीत लिहून टाका. उत्तराला उशीर झाला तरी वाचक रागावत नाहीत. उत्तर येणारच नाही असं वाटलं की मात्र विचारणं बंद करतात.

नियम थोडे असावेत, पण पाळले जावेत. सुप्रभात नको, राजकारण नको, जाहिराती नकोत. दोन वेळा सांगून तिसऱ्यांदा काढून टाकायचं, मग तो संस्थेचा आजीव सभासद का असेना. ग्रुपचे चालक, म्हणजे अ‍ॅडमिन, म्हणून दोन माणसं ठेवा, त्यातला एक वाचक असू द्या. वाचकानं वाचकाला टोकलेलं जास्त लागू पडतं. कोणीतरी भलतंसलतं टाकलं तर चालकाला पोलीस धरतील, ही भीती कार्यवाहांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सभासदाच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ चालक आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा समान उद्देश असल्याचं दिसावं लागतं. म्हणून डोळेझाक करायची असं नाही. असा संदेश दिसला की काढायचा.

खरा त्रास पीडीएफचा आहे. "कोणाकडे अमुकची पीडीएफ आहे का?" हा प्रश्न ग्रुपवर येतोच येतो, आणि कोणीतरी भाबडेपणानं टाकतोही. वाचनालयाच्या नावानं चालणाऱ्या ग्रुपवर हे एकदाही खपवून घेऊ नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. पुलं २००० साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर २०६० अखेरपर्यंत हक्क आहे. हा हिशेब ग्रुपच्या माहितीत एकदा लिहून ठेवला की प्रत्येक वेळी वाद घालावा लागत नाही. नुसतं 'नाही' म्हणून थांबूही नका. मोकळ्या झालेल्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत आहे, जुन्या ग्रंथांसाठी एशियाटिक सोसायटीचं ग्रंथसंजीवनी हे संकेतस्थळ आहे, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयानंही दुर्मिळ पुस्तकं ऑनलाइन ठेवली आहेत. तिथला दुवा द्या. नव्या पुस्तकाची पीडीएफ मागणाऱ्याला सांगा, प्रत आपल्याकडे आहे, राखून ठेवू का? मागणारे थोडे तरी दाराशी येतात.

वाचकाचं वाचन ही त्याची खाजगी बाब आहे, हेही लक्षात असू द्या. "जोशीकाका, तुमच्याकडचं पुस्तक दोन महिने झाले" असं ग्रुपवर लिहिणारा कर्मचारी मी पाहिला आहे. थकबाकी, दंड, कोणाकडे काय आहे, हे चारचौघांत कधीच नको. कोणी घटस्फोटाच्या कायद्यावर पुस्तक मागितलं तर उत्तर त्याला एकट्याला द्या, ग्रुपवर नाही. सभासदत्वाच्या अर्जावर 'ग्रुपमध्ये माझा नंबर घालण्यास संमती आहे' असा वेगळा चौकोन छापून घ्या. अनामतीच्या पावतीसाठी दिलेला नंबर परस्पर ग्रुपमध्ये टाकणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या काळात तर शोभणारच नाही. बालविभागाचा ग्रुप काढलात तर त्यात पालकांचेच नंबर हवेत. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी तो कायदा पालकांची संमती मागतो.

तुमचे तरुण सभासद इन्स्टाग्राम म्हणतात त्यात तथ्य आहे, पण तिथे खातं काढायच्या आधी बघा की वाचक आजच कुठे जमलेले आहेत. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे, तिथे पुस्तकांवर वर्षानुवर्षं चर्चा चालली आहे. तुमच्या उपनगराचा एखादा फेसबुक समूह असेल, सोसायट्यांचे ग्रुप असतील. अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलं टेलिग्रामवर असतात. तिथे स्वतःच्या नावानं आणि वाचनालयाच्या नावानं जा, आणि आल्या आल्या वर्गणीचे दर सांगू नका. कोणी विचारलं की मुलाला पाचवीत मराठी वाचायची गोडी लागावी म्हणून काय देऊ, तर चार पुस्तकं नीट सुचवा. त्यातली दोन आपल्याकडे नसतील तरी सुचवा. अभ्यासिकेतल्या मुलांना विचारा की कुठल्या संदर्भग्रंथाची नवी आवृत्ती आली आहे. ग्रंथ निवड समितीतल्या आपल्या ज्येष्ठांपेक्षा ती मुलं हे जास्त अचूक सांगतात, आणि मागच्या आवृत्तीवर पैसे घालवायची वेळ येत नाही.

जाता जाता विकिपीडियाचंही सांगतो. 'एक ग्रंथपाल, एक संदर्भ' अशा अर्थाची मोहीम २०१६ पासून दरवर्षी जानेवारीत चालते, आणि पुढे ती मे महिन्यातही होऊ लागली. ग्रंथपालानं एखाद्या लेखात विश्वसनीय संदर्भ जोडायचा, बस्स. मराठी विकिपीडियावर आपापल्या गावांचे, वास्तूंचे, लेखकांचे लेख संदर्भावाचून पडले आहेत आणि संदर्भ आपल्या कपाटांत आहेत. पाचसहा वाचक आणि एक कर्मचारी मिळून एक दुपार द्या. स्थानिक इतिहासाचं आपल्याकडे काय आहे हे आपल्यालाच त्या दिवशी कळतं.

आता कर्मचाऱ्यांकडे वळतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा हाच अर्धा जास्त मोलाचा आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला परिषदा असतात, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेची प्रशिक्षणं असतात. सार्वजनिक वाचनालयात एक ग्रंथपाल, एक लिपिक, एक शिपाई. काही अडलं तर विचारायचं कोणाला? महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेली हजारो वाचनालयं आहेत, आणि त्यांच्यातले अनेक जण एकाच अडचणीशी एकेकटे झटापट करत असतात. दलित आत्मकथन चरित्रांच्या ९२० ला लावायचं की मराठी साहित्याच्या ८९१.४६ मध्ये? जीर्ण पुस्तकं काढून टाकायच्या ठरावात काय लिहायचं, आणि दाखल नोंदवहीत शेरा कसा मारायचा? पावसाळ्यात भिंतीकडच्या रॅकवरच्या पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते, आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र परवडत नाही, तर काय केलं तर निदान जुलै-ऑगस्ट निभावेल? यांची उत्तरं पाठ्यपुस्तकात अर्धवट मिळतात. पूर्ण उत्तर त्याच्याकडे असतं ज्यानं गेल्या पावसाळ्यात रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढून बघितलेत.

एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण मुंबई-ठाण्यातल्या पुष्कळ वाचनालयांना यातून जावं लागतं. पुस्तकांची यादी जुन्या काळात श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली असते. ती कोहा किंवा ई-ग्रंथालय या ग्रंथालयांच्या संगणक प्रणालींत नेली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो. संगणकीकरणाचं काम घेतलेला एजन्सीवाला सांगतो, सगळं परत टंकावं लागेल, आणि तसा खर्चाचा आकडा देतो. अशा वेळी कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं की ज्यानं हे केलंय तो सांगतो: आधी फॉन्टचं नेमकं नाव आणि आवृत्ती शोधा, कारण प्रत्येकाचा रूपांतरक वेगळा. यादी एक्सेलमध्ये काढा. पहिल्या पन्नास नोंदींवर प्रयोग करा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात, 'ऱ्या', 'ऱ्हा' आणि 'अ‍ॅ' बिघडतात, ते 'शोधा आणि बदला'नं एकगठ्ठा दुरुस्त करा. मग लेखकांची नावं एका पद्धतीत आणा. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे' आणि 'देशपांडे, पु. ल.' हे संगणकाला तीन वेगळे गृहस्थ वाटतात. एवढं समजलं की परत टंकायचं काम थोड्या नोंदींपुरतं उरतं आणि एजन्सीशी बोलताना आपली बाजू भक्कम राहते.

यात नवीन काही नाही. अमेरिकेत संदर्भ ग्रंथपालांसाठी १९९२ च्या सुमारास 'स्टम्पर्स' नावाची ईमेल यादी सुरू झाली, स्वतःला न सुटलेले वाचकांचे प्रश्न एकमेकांपुढे टाकण्यासाठी. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून एलआयएस-फोरम ही ग्रंथपालांची ईमेल यादी चालली. आणि कोहाची गोष्ट तर मला फार आवडते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा भागातल्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली साल २००० च्या बदलाला टिकणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि त्यांनी ती जगाला मोकळी करून दिली. आज ती जगभरच्या ग्रंथालयांत आहे, आणि अडलेल्याला उत्तर देतात ती दुसऱ्या ग्रंथालयांतली माणसं. आपली माणसं तिथे विचारत नाहीत, कारण इंग्रजीत लिहायचा संकोच. त्यावर तोड सोपी आहे. मराठी ग्रुपवर दोन्ही भाषा सहज लिहिणारे एक-दोघं असतातच. त्यांनी प्रश्न तिकडे न्यावा आणि उत्तर मराठीत आणावं.

कर्मचाऱ्यांच्या ग्रुपचा आणखी एक उपयोग खास मुंबईचा. तुमच्याकडे एखादी विद्यार्थिनी १९३० च्या दशकातल्या मासिकाचा अंक शोधत आली, तर 'नाही आमच्याकडे' म्हणून परत पाठवू नका. नायगावला १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, ठाण्याला १८९३ चं ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टात एशियाटिक आहे. सगळं लोकलच्या पासावर. कुठल्या वाचनालयात कुठल्या मासिकाचे बांधीव खंड आहेत, कुठे बाहेरच्या वाचकाला ओळखपत्रावर बसू देतात, कुठे फोटो काढू देतात, हे संकेतस्थळांवर सहसा नसतं. तिथे काम करणाऱ्या माणसाला ते तोंडपाठ असतं. ग्रुपवर एक संदेश टाका आणि त्या मुलीला जायचं ठिकाण आणि वेळ लिहून द्या. फुकटचे हेलपाटे टळतात. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथं सूत्र याहून वेगळं काय सांगतं?

या ग्रुपसाठी माझे दोन आग्रह. त्यात कार्यवाह आणि पुस्तकविक्रेते नकोत. कार्यवाह असले की कर्मचारी अडचण लिहीत नाहीत, आणि विक्रेते असले की दुसरं काही उरत नाही. पगाराची गाऱ्हाणी रास्त आहेत, पण त्यांना वेगळा ग्रुप करा, नाहीतर वर्गांकाचा प्रश्न त्यात वाहून जातो. दुसरा आग्रह, उत्तरं साठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर परवाचं उत्तर आज सापडत नाही आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. शनिवारी पाळीपाळीनं एकानं बसून सुटलेले प्रश्न सामायिक गूगल डॉकमध्ये उतरवायचे: वर्गीकरण, नोंदवह्या, संगणक, पुस्तकांची निगा, अनुदानाचे कागद. वर्षभरात जी वही तयार होईल ती नव्यानं लागलेल्या साहाय्यक ग्रंथपालाच्या हातात द्या.

ऑनलाइन न येणाऱ्यांची सोय विसरू नका. वर्तमानपत्रं वाचायला रोज सकाळी येणारे आजोबा ग्रुपवर नसतात, आणि त्यांनी असावंच असं नाही. ग्रुपवर गाजलेली पुस्तकं आठवड्यातून एकदा काउंटरशेजारच्या फळ्यावर लिहा, आणि आजोबांनी काउंटरवर सांगितलेली शिफारस त्यांना विचारून ग्रुपवर टाका. साठच्या दशकातल्या त्या कादंबरीसारख्या कोड्यांची उत्तरं बहुतेक वेळा याच मंडळींकडे असतात.

याचा उपयोग झाला हे कार्यवाहांना कसं दाखवायचं? सभासदसंख्या आणि लाइक सांगू नका. एक साधी वही घाला. ग्रुपवर आलेला प्रश्न, दिलेलं उत्तर, आणि त्यातून देवघेव झाली का, झाली तर दाखल क्रमांक. ज्या प्रश्नांना 'पुस्तक आपल्याकडे नाही' असं उत्तर द्यावं लागलं त्यांची यादी ग्रंथ निवड समितीपुढे ठेवा. पुढच्या खरेदीत त्यातली पुस्तकं आली की ज्यानं मागितलं होतं त्याला सर्वांत आधी कळवा. वार्षिक अहवालात या वहीतला एक परिच्छेद घाला.

तुमच्या आताच्या ग्रुपचं म्हणाल तर त्यावर एक संदेश टाका: पहिल्या तारखेपासून सूचना चॅनलवर मिळतील, इथे फक्त पुस्तकांविषयी प्रश्न आणि उत्तरं. पहिला प्रश्न तुम्हीच विचारा, आणि तो खरा असू द्या, काउंटरवर या आठवड्यात आलेला आणि तुम्हाला न सुटलेला. निम्मी माणसं ग्रुप सोडतील, त्यांना चॅनलचा दुवा पाठवा. आणि सिमकार्ड, पासवर्ड, गूगल खातं, चालकांची नावं हे सगळं पदभाराच्या यादीत कपाटांच्या किल्ल्यांबरोबर लिहून ठेवा. ग्रंथपाल निवृत्त झाले आणि ग्रुप त्यांच्या घरच्या फोनबरोबर गेला, असं एकापेक्षा जास्त वाचनालयांत झालेलं आहे.